भर दुपारची द्राक्षं

लील, ३ जून १९७४

प्रिय सिदोनी,

पेट्या पोचल्या. दोन बाटल्या फुटल्या म्हणे. रेल्वेवाल्यांनी काचा दाखवल्या, पण पेटीच्या लाकडावर डाग एक नव्हता, तेव्हा काय ते समजून घे. बाकी सगळ्या विकल्या गेल्या. एक तेवढी गोदलीव्हनं कपाटात कपड्यांमागे दडवली आहे. जन्मभर बियर पिणारी माझी बायको आता मला सांगते, तुझ्या बहिणीच्या हाताला चव आहे.

आता मुद्द्याचं. आपली बाटली मी सहा फ्रँकला विकतो. समोरच्या वाइनवाल्याकडे तशीच वाइन पंधराच्या खाली नाही. त्यानं माझ्या एका गिऱ्हाइकाकडून बाटली मिळवली, दोन घोट घेतले आणि माझ्या दुकानात येऊन चार लोकांदेखत म्हणाला, "रुमेगास, ही एका मळ्यातली वाइन नाही. आणि या भावात तर नाहीच नाही. पाणी कुठेतरी मुरतंय." मी त्याला दार दाखवलं. पण त्याचं बोलणं काही गेलं नाही, इथेच गल्ल्याशी बसून आहे.

बाबांची वाइन मी ओळखतो. काळी, रागीट, जीभ सोलणारी. बाबांसारखीच. ते गेल्यापासून तू एकटी मळा बघतेस, आणि गेल्या दोन वर्षांत ती वाइन हसायला लागली आहे. तीच कारिन्याँ द्राक्षाची वेल, तीच माती, तेच पिंप. मग हसते कशाला?

शिवाय पोस्टातली ओर्तांस लिहिते की मे महिन्यात फॉन्त्रूसला गारपीट झाली. आणि तू मात्र पुढच्या सालासाठी मी दीडपट पेट्या मागितल्या तर लगेच 'हो' लिहिलंस. चार हेक्टरांत, गारा खाल्लेल्या वेलींतून दीडपट? मी दुकानदार असलो तरी वाढलो तिथेच, सिदोनी.

तुझा,
आल्बां


फॉन्त्रूस, १० जून १९७४

अरे आल्बां,

विकली जात नाही म्हणून लोक रडतात. माझा भाऊ विकली जाते म्हणून रडतो. लीलच्या धुक्यानं तुला काय काय झालंय देव जाणे.

गारा पडल्या, खोटं नाही. कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर गेलं, अंगणातल्या अंजिराला औषधाला पान राहिलं नाही, फळ तर सोडच. पण मळ्याच्या खालच्या अंगाला ढग सरकलाच नाही. ओर्तांसला काय कळतं? ती पोस्टाच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच आभाळ मोजते. (हे ती वाचेलच. ओर्तांस, पाकीट नीट चिकटव.)

वाइन हसते म्हणालास. बाबा तापट माणूस होते, द्राक्षं तुडवताना सुद्धा कुणाशी तरी भांडत असायचे. मी भांडत नाही. एवढाच फरक असेल.

स्वस्त का, तर मला नवरा नाही, पोर नाही, मोटार आहे ती पिठाच्या गिरणीसारखी वाजते. मला पंधरा फ्रँक घेऊन करायचे काय? चांगली वाइन गरिबानं प्यायली तर कुणाच्या पोटात दुखतं ते त्या समोरच्याला विचार.

गोदलीव्हला एक बाटली उघडी घेऊन बसायला सांग. दडवलेली वाइन माणसाला संशयी करते.

सिदोनी


लील, २९ सप्टेंबर १९७४

सिदोनी,

सुगीच्या दिवसांत तुला पत्र लिहू नये हे मला कळतं. पण ओर्तांसचं पत्र आलंय आणि मला जेवण जाईना.

ती लिहिते, तू बेझिएला जाऊन पाच पोती साखर आणलीस. गावातल्या दुकानातून नाही, बेझिएहून! आणि मोटारीत वर वेलींच्या कांड्यांच्या मोळ्या रचून आणलीस. ती म्हणते, वळणावर एक मोळी घसरली आणि तिच्या भाच्याला पोत्याचा कान दिसला.

साखर, सिदोनी! ऐन सुगीत! गोदलीव्ह विचारते, "मग त्यात काय झालं? आमच्याकडे सगळेच वाइनमध्ये साखर टाकतात." तिला काय समजावू? इकडे उत्तरेत कायदा टाकू देतो, तिचा बाप साखरेचं बीटच पिकवायचा. पण आपल्याकडे साखरेचं पोतं म्हणजे घरात प्रेत लपवल्यासारखं. आपले आजोबा साखर घालून वाइन बनवणाऱ्यांच्या विरुद्ध रस्त्यावर उतरले होते, त्यांच्या गुडघ्यातली गोळी आपण लहानपणी बोटानं चाचपायचो. त्या माणसाच्या नातीनं पाच पोती आणावीत?

आणि दुसरं. ओर्तांस म्हणते, दुपारी सगळं गाव जेवून खिडक्या लावून झोपतं, तेव्हा तुझ्या तळघराच्या दिशेनं चाकं वाजतात. सेतच्या बंदरात इटालियन वाइनची जहाजं लागतात हे लीलमध्येही पोरंटोरं जाणतात. तू ती तर उतरवून घेत नाहीस ना? आपल्या रोडक्या द्राक्षांत इटालियन पाणी आणि वरून साखर?

नाही म्हण. एका ओळीत म्हण, मी पुन्हा विचारणार नाही.

आल्बां


फॉन्त्रूस, ४ ऑक्टोबर १९७४

आल्बां,

नाही.

आता एका ओळीपेक्षा जास्त लिहिते, कारण माझा संताप झालाय. साखर जामसाठी आणली. अंजिराचा जाम. बेझिएला स्वस्त मिळते. मोळ्या वर टाकल्या कारण ओर्तांसचा भाचा आणि त्याच्यासारखी दहा पोरं रस्त्यावर डोळे लावून बसलेली असतात. या गावात सुगीत साखर घेतली की चर्चवाल्या पांढऱ्यांच्या कॅफेत आणि लाल बावटेवाल्या तांबड्यांच्या कॅफेत एकाच वेळी चर्चा सुरू होते. एरवी त्या दोन कॅफेंना एका वेळी पाऊस पडलेलाही मान्य नसतो.

चाकं वाजतात तर वाजू देत. दुपारी मला झोप येत नाही, मी पिंपं हलवते.

मी सत्तावन्न वर्षांची आहे. मी एकटीनं बाबांचं दुखणं काढलं, एकटीनं वेली छाटते, आणि आता मला पोस्टमास्तरणीच्या भाच्यासमोर पोती उघडून दाखवायची का? विषय संपला.

सिदोनी


लील, १९ ऑक्टोबर १९७४

सिदोनी,

विषय संपला असता, जर मी तुझी पत्रं जपून ठेवत नसतो.

अंजिराचा जाम, होय ना? जूनमध्ये तूच लिहिलंस, अंगणातल्या अंजिराला पान राहिलं नाही, फळ तर सोडच. मग पाच पोत्यांचा जाम कशाचा केलास? खुराड्याच्या छपराचा? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

तू माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हतीस. आई गेली तेव्हा सगळे म्हणत होते झोपलीये, तू एकटीनं मला खरं सांगितलंस. मी सात वर्षांचा होतो. म्हणून हे इतकं लागतंय. वाइनचं नंतर बघू. मला आधी माझी बहीण कुठे गेली ते कळत नाहीये.

आणि दुकानाचंही सांगतो. माझ्या पाटीवर 'रुमेगास' असं नाव आहे आणि तुझ्या बाटलीवरही तेच. लोक विश्वासानं घेतात. तू पकडली गेलीस तर इथे मी पकडला जाईन.

खरं सांग. वेळ गेलेली नाही.

आल्बां


फॉन्त्रूस, २ नोव्हेंबर १९७४

आल्बां,

काल बाबांच्या थडग्यावर शेवंती ठेवून आले. तिथे उभी असताना वाटलं, आता तुला सांगून टाकावं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही, ते मेलेले असले तरी.

साखर मधमाश्यांची आहे. गारांनी आणि नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यानं डोंगरावरचा सगळा फुलोरा गेला. पोळ्यांत मध नाही. हिवाळ्याआधी साखरेचा पाक करून ठेवला नाही तर माश्या मरतात. मधमाश्या माझ्या नाहीत. त्या एल्झेआर काझाल्बूच्या आहेत.

बस. खुर्ची धरून बस.

हो, तेच काझाल्बू. बांधापलीकडचे. ज्यांच्या भिंतीजवळून जाताना बाबा थुंकायचे. ते तांबडे, आपण पांढरे, आजोबांपासून साधा नमस्काराचा 'बोंझूर'ही नाही. द्राक्षाच्या बागाईतदारानं सुगीत साखर घेतली तर गाव त्याला सोलून काढेल, म्हणून तो घेईना. मला वाटलं, एकटी म्हातारी बाई जामसाठी साखर घेते, तिला कोण विचारतंय? मी चुकले. मोळ्या टाकून आणखी चुकले. खाई त्याला खवखवे तसं झालं, आणि खाल्लं तर काहीच नव्हतं.

आता वाइन. त्याच्या दगडी उतारावर ग्रनाश जातीची द्राक्षं आहेत, त्याच्या आजोबांनी लावलेली. तो तांबड्यांच्या सहकारी संस्थेचा सभासद. नियमानं सगळी द्राक्षं तिथेच घालायची, आणि तिथे ती सपाटीवरच्या पाणचट द्राक्षांबरोबर एकाच हौदात पडतात. हे त्याला सहन होईना. दोन वर्षांमागे, सुगीत, भर दुपारी, बांधाच्या पडक्या जागेतून तो आला, माझ्या दाराशी एक टोपली ठेवली आणि एक शब्द न बोलता गेला. मी उचलली आणि कारिन्याँत टाकली. रागानंच टाकली म्हण ना. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली. असं बरेच दिवस चाललं. शेवटी मी म्हटलं, "आत आलात तर टोपी तरी काढा." तो म्हणाला, "रुमेगासांच्या घरी टोपी काढायची नाही असं आई म्हणते." मी म्हटलं, "मग आईला घेऊन या." आणि तो हसला. आल्बां, त्या माणसाला हसताना या गावानं पाहिलेलं नाही.

तुझी हसणारी वाइन म्हणजे ती. आमची अर्धी-अर्धी. टोपल्यांची आता हातगाडी झाली, ओर्तांसला ऐकू येतात ती चाकं तिचीच. कुणी कुणाला काही देत नाही, म्हणून तुला सहा फ्रँकला विकता येते.

तू विचारशील, मग लपवलं का. त्याची आई नव्वदीची आहे आणि तिला कळलं तर ती जेवण सोडेल. संस्थेला कळलं तर त्याला काढून टाकतील. मी त्याला शब्द दिला होता. आणि खरं सांगू? मला ते दुपारचे तास कुणाबरोबर वाटून घ्यायचे नव्हते. प्रेम म्हणू नकोस, हसशील. पण सगळं गाव खिडक्या लावतं तेव्हा मी दार उघडते, आणि मला बरं वाटतं. फार बरं वाटतं.

दुसऱ्याची द्राक्षं आपल्या नावानं विकणं नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. बाटल्या भरायच्या आधी काहीतरी मार्ग काढू म्हणते. तू दुकानदार आहेस, तुला कायदा कळतो. तूच सांग काय करायचं. तोवर तोंड बंद ठेव.

तुझी,
सिदोनी


लील, २ नोव्हेंबर १९७४

सिदोनी,

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. तुझं गप्प बसणंच मला सगळं सांगून गेलं.

ओर्तांस लिहिते, पुन्हा चाकं वाजली. मी फार विचार केला. इथे भेसळखात्यातला एक अधिकारी माझ्या गिऱ्हाइकांपैकी आहे. त्याच्या कानावर घातलं. त्यानं तुमच्याकडच्या माणसाला कळवलं आहे. गाजावाजा न करता येतील, टाक्या मोजतील, साखर बघतील. दुसऱ्या कुणी तक्रार केली असती तर बोभाटा झाला असता, हे घरातल्या घरात राहील.

कर नाही त्याला डर कशाला? तू स्वच्छ असशील तर मी सगळ्यांदेखत तुझी माफी मागेन.

मी हे तुझ्यासाठीच केलं आहे.

आल्बां


लील, ५ नोव्हेंबर १९७४

सिदोनी, तुझं पत्र आत्ता मिळालं. माझं पोचलं असेल तर जाळून टाक. त्या साहेबाच्या घरी जाऊन आलो, तो म्हणतो कागद पुढे गेला, आता त्याच्या हातात नाही. पोस्टात फोन केला तर ओर्तांस म्हणाली सिदोनी फोनवर येत नाही. उरलेली साखर घरातून हलव. आजच्या आज हलव. बाकी मग बोलू. गोदलीव्ह माझ्याशी बोलत नाहीये, आणि बरोबरच आहे तिचं.

आल्बां


फॉन्त्रूस, २४ नोव्हेंबर १९७४

श्री. आल्बां रुमेगास यांस,

तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा तुम्ही भिंतीवरून माझ्यावर दगड मारत होतात. माझा नेम तुमच्यापेक्षा बरा होता, हे तुमच्या भुवईला आठवत असेल. आता ओळख पटली असेल तर पुढे वाचा. तुमची बहीण लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. मला लिहायची सवय नाही.

साहेब सकाळी आले. पोस्टमनही त्याच वेळी आला. सिदोनीनं तुमचं पत्र साहेबांसमोरच उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवलं आणि त्यांना तळघराची किल्ली दिली. हे मला तिनं नंतर सांगितलं. साहेबांना पडवीत दीड पोतं साखर सापडली. कशाला, असं विचारलं तर ती म्हणाली, जामसाठी. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा जाम. त्यांनी टाक्यांना लाखेची मोहोर लावली. साखर कुणाची ते सांगितलं नाही तर सगळी वाइन दारूभट्टीला जाणार, असंही सांगितलं. ती खुर्चीवर बसून राहिली. माझं नाव घेतलं नाही.

मला हे तंबाखूच्या दुकानात कळलं. मी घरी गेलो, पोळ्याची एक चौकट काढली आणि निघालो. बांधावरून नाही, हमरस्त्यानं. दुपार होती, पण त्या दिवशी एकही खिडकी बंद नव्हती. तांबडे एका बाजूला, पांढरे एका बाजूला. आई वरून ओरडली, "एल्झेआर, चुकीच्या घरी चाललास!" मी म्हटलं, "नाही."

साहेबांना चौकट दाखवली. साखर माझी, माश्यांची, असं सांगितलं. त्यांनी पाकाचा वास घेतला, माश्यांनी त्यांचा घेतला, आणि त्यांना पटलं. इथे गप्प बसलो असतो तर कदाचित भागलं असतं. पण ते टाक्या मोजायला लागले आणि म्हणाले, एवढी वाइन या चार हेक्टरांची नाही, यात इटालियन आहे. महाशय, माझ्या आजोबांच्या ग्रनाशला तो माणूस इटालियन म्हणाला! मी सगळं सांगून टाकलं. सिदोनी म्हणते, तुला कुणी विचारलं होतं का. मी काय करणार, ते ऐकवलंच नाही.

निकाल असा. साखर घातलेली नाही, भेसळ नाही. पण दोन घरांची वाइन एका घराच्या नावानं विकता येत नाही. तेव्हा मोहोर काढली आणि अट घातली, बिनानावाची, घाऊक विकायची. मंगळवारी टँकर आला. त्यात आधीच कुणाकुणाची भरलेली होती, त्यावर आमची सोडली. साहेब उभे होते, आम्हीही उभे होतो. तुम्ही प्यायलेल्या दोन्ही सालांपेक्षा यंदाची चांगली होती. मी खोटं सांगत नाही.

संस्थेनं मला काढलं. आईनं जेवण सोडलं नाही, बोलणं सोडलं आहे. काल मात्र तिनं भिंतीकडे बघत विचारलं, ती रुमेगासांची बाई सूपला लसूण किती घालते.

गावाला वाटतं ओर्तांसनं कळवलं. तिच्या खिडकीवर कुणी तिकीट घ्यायला जात नाही, लोक शेजारच्या गावाला जातात. ती रडते. सिदोनी तिला सगळ्यांदेखत म्हणाली, "तू नाहीस, मला माहीत आहे." कोण आहे ते सांगितलं नाही. मीही सांगितलेलं नाही. मला सांगावंसं फार वाटतं, हे तुम्हाला माहीत असावं.

एल्झेआर काझाल्बू


फॉन्त्रूस, १५ डिसेंबर १९७४

आल्बां,

तुझी पत्रं मिळाली. सगळी एकदम वाचली, कारण एकेक वाचवेना. ओर्तांसला तू लिहिलेलं कबुलीचं पत्रही तिनं मला दाखवलं. ती ते दोन्ही कॅफेत वाचून दाखवायला निघाली होती, तू तसं सांगितलंस म्हणून. मी थांबवलं. तुला शिक्षा हवी आहे, पण ती गावाकडून घेऊन मोकळा होऊ नकोस. ओर्तांसकडे मी आता रोज जाते, तिथे उभी राहून सगळ्यांसमोर तिकीट घेते, हळूहळू लोकही येतील.

मी तुझ्याशी खोटं बोलले. एकदा नाही, दर वेळी. तो माझा दोष, त्याचं मी तुला काही म्हणत नाही. तू चिडलास, ओरडलास, माझी जुनी पत्रं काढून मला पकडलंस, ते सगळं भावाला शोभतं. मग मी दोन आठवडे गप्प बसले, तेव्हा गाडीत बसून यायचं होतंस. दार वाजवून, ही पडवी, ही साखर, बोल, असं म्हणायचं होतंस. मी रडले असते आणि सांगितलं असतं. तू परक्या माणसाला पाठवलंस. वर लिहिलंस की हे माझ्यासाठी.

ती वाइन आता कुठल्या दुकानात, कुठल्या बाटलीत आहे ते मला माहीत नाही. कुणीतरी ती पितोय आणि त्याला कळतही नाहीये की यंदा नशीब उघडलं आहे. त्याचं वाईट वाटतं. एल्झेआरला तर फारच वाटतं, तो अजून त्या टाक्यांपाशी जात नाही.

पुढच्या साली दोन्ही मळे कागदोपत्री एक होतील. कसे, ते तू ओळख. फेब्रुवारीत, गावच्या कचेरीत, थोडक्यात. त्याची आई येणार आहे, पण आपल्या बाजूला बसणार नाही म्हणते. आपल्या बाजूला बसायला कुणीतरी हवं. तू ये. गोदलीव्हला आण.

दुकानासाठी मात्र विचारू नकोस. इथे आलास तर माझ्या टेबलाशी बस, पेला मी स्वतः भरून देईन, हवा तितका. बाटली देणार नाही.

सिदोनी